भित्र्या पाळकीणबाई

आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांची बायको, म्हणजे पाळकीणबाई; त्यांच्याइतकं भित्रं माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात शोधून सापडणार नाही. पाल दिसली की त्या पलंगावर चढत आणि तिथूनच पाळकसाहेबांना हाका मारत. एकदा परभणीला निघालेल्या बसमधून पिंगळीलाच उतरून त्या माघारी आल्या, कारण शेगडी बंद केल्याचं आठवत होतं, पण रेग्युलेटरचं आठवत नव्हतं. लग्नाचं आमंत्रण घेऊन कुणी आलं, तर मुलीचं नाव विचारायच्या आधी मांडवाचे खांब नीट पुरलेत का, याची चौकशी व्हायची.

आणि अडचणीत सापडलेल्या बायका नेमक्या यांच्याच दारात यायच्या. कुणाला नवऱ्याने हाकललेलं असे, कुणी ऊसतोडीवरून मारहाणीला कंटाळून निघून आलेली. बाई तिला चर्चमध्ये न बसवता थेट स्वयंपाकघरात नेत. "चर्चात बसवलं की समदे प्रार्थना करायला जमतेत. तिला आदी जरा पडू द्या की!" मग बाईंची काळजी सुरू. आधार कार्ड आणलं का, लेकराचा दाखला कुठंय, दवाखान्याचे कागद घेतले का, माहेरचा नंबर पाठ आहे का. ती बिचारी रडायचं विसरून उत्तरं देत बसे. आम्हाला मात्र एकच ताकीद होती, "प्रार्थना करा, पर नाव घेऊ नका. देवाला माहीत हाय." मला हा अतिरेक वाटायचा.

गेल्या वर्षी एका शनिवारी बोरीकडच्या खेड्यातून एक लेकुरवाळी आली. हाताला प्लास्टर, कडेवर तीन वर्षांची मुलगी. दुसऱ्या दिवशी उपासनेत प्रार्थनेचे विषय वाचायचं काम माझ्याकडे होतं. मी पडलो निवृत्त मास्तर, अर्धवट सांगणं जमत नाही. तिची अवस्था पाहून जीवही तुटत होता. मी तिचं नाव घेतलं, गाव घेतलं, वर "सध्या पाळकीणबाईंच्या घरी आहेत" हेही सांगून टाकलं. मंडळी मोठ्याने 'आमेन' म्हणाली. बाई शेवटचं गीत चालू असतानाच उठून गेल्या. मला त्यांचा रागच आला.

दुपारी गल्लीत दोन मोटारसायकली शिरल्या. मंडळीतल्याच कुणीतरी आपल्या बोरीच्या पाहुण्यांना फोनवर हळहळत सगळं सांगितलं होतं आणि ते तिच्या नवऱ्यापर्यंत पोचलं होतं. पाळकसाहेब दुसऱ्या गावच्या उपासनेला गेलेले. मी धावत निघालो खरा, पण फाटकापाशीच थांबलो. बाई दारात उभ्या होत्या. त्यांचा पदर थरथरताना मला तिथूनही दिसत होता.

"माझ्या बायकूला भायेर काढा!" तिचा नवरा ओरडला.

"ती हितं न्हाई. कुठं हाय ते मी सांगणार न्हाई," बाई म्हणाल्या. "घर बगायचं तर बगा दादा, पर चपला भायेर काढा."

त्याने खरंच चपला काढल्या, सगळं घर धुंडाळलं आणि शिव्या देत निघून गेला. गीत संपायच्या आत बाईंनी मायलेकींना रिक्षात घालून हलवलं होतं. मी जवळ गेलो तेव्हा त्या उंबऱ्यावर मटकन बसल्या. "गुरुजी, तुमी मुद्दाम न्हाई केलं," एवढं म्हणाल्या आणि त्यांना रडू फुटलं.

यंदा पाळकसाहेबांची बदली झाली. सामान टेम्पोत चढत असताना मी धीर करून विचारलं, "बाई, त्या मायलेकी कशा आहेत?"

"बऱ्या हायेत. पोरगी बालवाडीत जायलीय."

"कुठं असतात?"

त्यांनी माझ्याकडे फार मायेनं पाहिलं, आणि दोरी नीट आवळली का ते बघायला टेम्पोमागे निघून गेल्या. फार वाईट वाटलं मला. पण त्यांनी सांगितलं नाही, तेच बरं केलं.