सुलेखा उत्तर द्यायला उभी राहते

…तर सुलेखा उभी राहिली, इथवर काल आलं होतं. नुसती उभी नाही बरं का. हाताची घडी, मान ताठ, नजर फळ्यावर. आणि कुठे, तर अमेरिकेत, पार्सिपनीजवळच्या एका कॉलेजातल्या संध्याकाळच्या वर्गात. बाकीची मंडळी खुर्च्यांत ऐसपैस रेललेली, कुणाच्या हातात कॉफीचा पेला, एका पठ्ठ्याचे तर पाय समोरच्या खुर्चीवर. त्यांच्यात ही चव्वेचाळीस वर्षांची बाई एकदम खाडकन उभी! प्रोफेसरांना वाटलं, बाईंना बाहेर जायचंय. बिचारे अगदी हळू आवाजात म्हणाले, "बाहेर पडलात की डावीकडे दुसरं दार."

"नो सर," सुलेखा म्हणाली, "आन्सर."

वर्ग हसला. सुलेखाही हसली, पण बसली नाही. प्रश्न असा होता की पाचशे वर्षांपूर्वी इटलीतली माणसं जुन्यापुराण्या ग्रीक आणि लॅटिन पोथ्या शोधत एवढी वणवण का करत होती. तिने सांगितलं, "जी माणसं आता भेटणार नाहीत, त्यांच्याशी बोलायला, सर." मग खाली बसली आणि पदर सावरावा तसा कोट सावरला.

आता तुम्ही म्हणाल, हिला हे खूळ कुठलं? खूळ कसलं, वळण! करमाळ्याकडच्या खेड्यातली पोर. शाळेत बस्करपट्टीवर मांडी घालून बसायचं. गुरुजींनी नाव घेतलं की उठायचं, हाताची घडी घालायची आणि बोलायचं. बसल्या बसल्या उत्तर देणं म्हणजे उद्धटपणा. तिची जीभ आणि तिचे गुडघे जणू एकाच दोरीला बांधलेले होते.

पुढे सोलापूरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असताना लग्न झालं आणि शिक्षण तिथेच राहिलं. नवरा मनोहर नागपूरचा, सॉफ्टवेअरवाला. २००१ साली कंपनीने त्याला न्यू जर्सीत धाडलं, त्याच्या मागोमाग ही आणि लेक प्रीता. हिचा व्हिसा 'डिपेंडंट' म्हणून. म्हणजे नोकरी करायची नाही. शिकायला मात्र मोकळीक. तीन वर्षं तिने पोळ्या लाटल्या, प्रीताला शाळेत सोडलं-आणलं, आणि एके दिवशी जेवताना जाहीर केलं, "मी बी.ए. पुरं करणार."

कॉलेजवाले म्हणाले, आधी एक विषय घ्या, पास व्हा, मग डिग्रीच्या प्रवेशाचं बघू. घरात गाडी एकच, ती मनोहर ऑफिसातून आणायचा तेव्हा हिची सुटका. त्या वेळेत बसणारे विषय दोन. एक हिशेबाचा. दुसरा रेनेसान्सच्या काळातल्या विचारवंतांचा. माणूस म्हणजे काय, त्याचं मोल कशात, असली चर्चा.

"अगं, अकाउंटिंग घे, यार," मनोहर म्हणाला. "त्या दुसऱ्याचं काय करणार तू?"

"करायचं काही नाही. मला जाणून घ्यायचंय."

असा तो विषय घेतला. प्रोफेसर म्हातारे, गोड माणूस. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, मला जिम म्हणा. ते काही हिच्या तोंडून निघेना. शेवटी तडजोड होऊन 'जिम सर' झाले.

तर त्या उभं राहण्याच्या प्रकारानंतर जिम सरांनी तिला दाराशी थांबवलं. म्हणाले, "सुलेखा, इथे कुणासाठी उभं राहायची गरज नाही. माझ्यासाठी तर मुळीच नाही." मनापासून म्हणाले हो! जन्मभर माणसाच्या प्रतिष्ठेवर शिकवलेला माणूस. त्याच्यापुढे कुणी घडी घालून उभं राहिलं की त्यालाच चोरट्यासारखं होई.

पुढच्या वेळी सुलेखा बसून राहिली. प्रश्न आला. उत्तर येत होतं, अगदी ओठांवर होतं. पण शब्द फुटेना. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच.

मग घरी तालीम सुरू झाली. डायनिंग टेबलाशी सुलेखा खुर्चीत, आणि बापाचा चष्मा नाकावर चढवून प्रीता प्रोफेसर.

"आई, जस्ट टॉक! जशी माझ्याशी बोलतेस तशी बोल ना."

"तुझ्याशी मी बसून कधी बोलते गं?"

मनोहर खो खो हसला. "खरंय! ओट्याशी उभी राहूनच झापते ही आपल्याला."

"मग तुम्ही तरी कुठे बसून ऐकता? लगेच गाडीची किल्ली शोधायला उठता."

तालीम तिथेच मोडली.

सत्र निम्मं सरलं तेव्हा जिम सरांनी तिला बोलावून सांगितलं, "तुमचं लिखाण छान आहे. पण निम्मे मार्क वर्गात बोलण्याचे आहेत. तुम्ही अशाच गप्प राहिलात तर मला पास करता येणार नाही." म्हणजे डिग्रीही गेली, प्रवेशही गेला. सुलेखाने मान हलवली. एखाद्याला कसं सांगायचं, की बाबा रे, तुझ्या चांगुलपणानेच माझं तोंड बंद झालंय?

आणि मग तो धडा आला. इटलीतल्या एका तरुण पंडिताची कल्पना जिम सर रंगवून सांगत होते. देवाने सृष्टी घडवली, माशाला पाणी दिलं, पाखराला आभाळ दिलं, ज्याची त्याची जागा ठरवून टाकली. माणसाची पाळी आली तेव्हा जागाच उरली नव्हती. तेव्हा देव म्हणाला, तुझी जागा तूच ठरव. खाली जनावरात जा, नाहीतर वर देवदूतांत. सुलेखा टक लावून ऐकत होती. पेन्सिल हातातच राहिली.

जिम सरांनी वर्गाला विचारलं, "पण हे खरं आहे का? ज्याची जागा दुसऱ्यांनीच ठरवून टाकली आहे, त्या माणसाचं काय?"

कुणी कॉफीत बघतंय, कुणी घड्याळात. सुलेखाने खुर्चीचा हात घट्ट धरला. बसून तोंड उघडेना, उभं राहावं तर त्या भल्या माणसाला लागतं, आणि गप्प राहावं तर सगळंच संपलं. तिने हात सोडला आणि उठली. हाताची घडी, मान ताठ.

जिम सरांचा चेहरा उतरला. "सुलेखा, प्लीज. इथे तुमच्या वर कुणी नाही. माझ्यासाठी का उभ्या राहता?"

ती बोलली इंग्रजीतच, अडखळत. त्याचं मराठी शब्दाला शब्द असं:

"सर, तुमच्यासाठी नाही. माझे वडील गावच्या चावडीवर कोतवाल होते, म्हणजे सगळ्या गावाचे हरकामे. साहेब लोकांपुढे जन्मभर उभे राहिले, आणि ते उभे असायचे तेव्हा बोलायचे दुसरे. शाळेत मी पहिल्यांदा उभी राहिले, तेव्हा पाटलांचा मुलगा खाली बसला होता, अख्खा वर्ग गप्प होता आणि बोलत होते मी. वडिलांना लोकांनी उभं केलं होतं. मी माझी उभी राहते. आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर देऊ का?"