ओलं फडकं

तो काळा दगड मला पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता. जर्मनीतल्या मेसेलच्या खाणीतून निघालेला, परातीएवढा, कायम ओला ठेवावा लागणारा. वाळला की त्याचे पापुद्रे सुटतात आणि आतल्या हाडाचा भुगा होतो. एक्स-रेमध्ये आत लांब तोंडाचा एक प्राणी दिसत होता. तो बहुधा युरोटामांडुआ. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या या प्राण्याचा याआधी एकच सांगाडा मिळालाय. तो खरा मुंगीखाऊ, की आपल्या कोकणातल्या खवल्या मांजराचा भाऊबंद, यावर विद्वानांची अजून जुंपलेली. हा दुसरा निघाला तर त्याच्या तोंडावरून निकाल लागणार होता. माझी पीएचडीही त्याच तोंडावर होती.

शुक्रवारी दगड गुंडाळायची पाळी माझी. प्लास्टिकचा रोल संपलेला. आमच्या प्रयोगशाळेतले म्हातारे तंत्रज्ञ घरी निघता निघता म्हणाले, "नवा रोल तळघरात आहे. हवाबंद करा."

"जा, जा," मी म्हणाले.

खरं सांगते, जिने उतरायचा कंटाळा आला. शिवाय मटकीला मोड आणणाऱ्या घरातली मी, मला ओल राखायला काय शिकवता! सुती फडकं भिजवलं, पिळलं, दगडाभोवती घट्ट बांधलं. आईची मटकी अशी दोन दिवस ओली राहते.

पुण्यात राहते ती ओली. इथे जर्मनीत त्या शनिवारी थंडी पडली आणि इमारतीचं हायत्सुंग, म्हणजे खोल्या तापवणारं यंत्र, सुरू झालं.

सोमवारी दार उघडलं तर खोली उबदार होती आणि टेबलावरून बारीक टक्, टक् आवाज येत होता. फडकं पापडासारखं कडक झालेलं. दगडाचं पाणी त्यानेच शोषलं होतं. सोडवायला गेले तर आणखी एकदा टक् झालं आणि काळा पापुद्रा फडक्याला चिकटून वर आला. तोंडाच्या जागी खळगा उरला.

बाहेर पावलं वाजली. मी फडकं बॅगेत कोंबलं.

तंत्रज्ञ आत आले, दगडाकडे बघत राहिले. मग घाईघाईने म्हणाले, "गुंडाळलेलं कुठाय? तुकडे त्याला चिकटले असतील. अजून वाचवता येतील."

बॅग माझ्या खांद्यालाच होती.

"प्लास्टिक होतं," मी म्हणाले. "टाकून दिलं. कचराही गेला."

तळघरातून आणलेला नवा रोल त्यांच्या हातात होता, न फोडलेला. तो त्यांनी टेबलावर ठेवला.

घरी जाऊन मी फडकं धुतलं. पाणी बराच वेळ काळं येत राहिलं.