तेलात बघायचे दात

माझ्या मुलीला पहिला दात आला तो वरून. तोही एक नाही, शेजारीशेजारी दोन. खालची हिरडी अजून गुळगुळीतच होती. सासूबाई तिला पेज भरवत होत्या आणि चमचा टक्कन वाजला. त्यांनी बोटाने तिचा ओठ वर केला, आत बघितलं आणि आनंद व्हायच्या आधीच त्यांचं तोंड उतरलं. वरचे दात आधी आले की ते मामाला जड जातात, असं आमच्याकडे मानतात. त्याला उतारा असा, की मामाने काशाची ताटली आणायची, तिच्यात करडईचं तेल ओतायचं, भाचीला त्या तेलावर धरायचं आणि तिचे दात पहिल्यांदा तेलातच बघायचे. तोवर समोरासमोर बघायचे नाहीत.

मला एकच भाऊ, माझ्याहून धाकटा. तो संतपूरला शेती करतो. सोयाबीनची रास, म्हणजे मळणी, चालू होती, त्यामुळे तो लगेच बीदरला येऊ शकत नव्हता. एरवी रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करून भाचीशी बोबडं बोलायचा. सासूबाईंनी तेही बंद केलं.

"मोबाईलमधी दिसलेलं काय खरं असतंय व्हय, आत्याबाई?" मी म्हणाले.

"दिसलं म्हंजे दिसलं. भाऊ एकच हाय ना तुला? मग गप बस."

मी गप बसणाऱ्यांतली नाही. बीदरमधल्या मैलूरच्या आमच्या गल्लीत माझा आवाज चार घरं पलीकडे ओळखतात. पण भाऊ एकच, हे ऐकल्यावर बसले गप. तेव्हापासून तो नुसता आवाजाचा फोन करायचा आणि ही मोबाईल दोन्ही हातांत धरून मामाचा आवाज चाटायची.

मला मात्र त्या दातांची ओळख तेलाबिलाची वाट न बघता झाली. पोट भरत आलं की ती पिता पिता थांबायची, डोळे वर करून माझ्याकडे बघायची आणि कचकन चावायची. तांदळाच्या दाण्याएवढी ती वस्तू, पण डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. सल्ले द्यायला सगळं जग तयार होतं. नणंद म्हणाली, गालावर टिचकी मार. शेजारच्या काकू कन्नडमध्ये म्हणाल्या, थंड गाजर चघळायला दे, हिरडी शिवशिवते म्हणून करते ती. आई फोनवर म्हणाली, "ओढून काढू नगंस. उलट जवळ धर, आपोआप सोडतीय." आईचं खरं असायचं, पण ते आठवेपर्यंत चावून झालेलं असायचं.

राग यायचा, खोटं कशाला बोलू. पण ती झोपली आणि तोंड जरा उघडं राहिलं, की मी वाकून ते दात बघत बसायचे. आत्तापर्यंत तिच्या पोटात माझं दूध आणि चार चमचे पेज, एवढंच गेलं होतं. त्या पातळ दुधातून हे असं टणक, पांढरं, धार असलेलं काहीतरी घडलं होतं आणि मला त्यातलं काही कळलंसुद्धा नव्हतं. मी भाकरी थापत होते, धुणं वाळत घालत होते आणि तेव्हा आत हे काम चालू होतं. मला भीतीच वाटायची. देवळात गाभाऱ्यासमोर वाटते तसली भीती.

मग एका दुपारी ती अशी चावली की रक्त आलं. मी ओरडले. माझा आवाज कसा आहे ते सांगितलंच आहे. शेजारच्या काकू हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आल्या. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. खालचा ओठ हळूहळू पुढे आला आणि ती रडली. भुकेचं नाही, झोपेचं नाही, असं रडणं मी तिचं कधी ऐकलं नव्हतं. ती घाबरली होती आणि मलाच घाबरली होती.

संध्याकाळी जवळ घेतलं तर तिने मान फिरवली. सकाळीही तेच. पदराखाली घेतलं की अंग ताठ करायची आणि ओठ घट्ट मिटून घ्यायची. माझी छाती दगडासारखी झाली, अंगात कणकण आली. गरम फडक्याने शेकून मी दूध वाटीत काढायचे आणि चमच्याने पाजायचे. तेच दूध ती चमच्याने प्यायची, पण भिंतीकडे बघत. हसणंही थांबलं होतं तिचं.

"कडू लावायचीबी गरज पडली न्हाई तुला," सासूबाई म्हणाल्या. आमच्याकडे अंगावरचं तोडायचं म्हणजे कडुनिंबाचा पाला वाटून लावतात. "सोडलंय तर सोडू दे. कामून जीवाला लावून घेयलीस?"

त्या वाईट हेतूने बोलल्या नाहीत. बोलणं शहाणपणाचंच होतं. पण मला ते सुटणं असं नको होतं. कधीतरी सुटणारच होतं, ते मला ठाऊक होतं. ती उड्या मारत अंगणात पळाली असती आणि विसरली असती, तर मी एक दिवस रडून मोकळी झाले असते. माझ्या ओरडण्याला भिऊन तिने मला सोडावं, हे मला सहन होत नव्हतं.

अशात भाऊ आला. रास उरकून, वार बघून, नवी काशाची ताटली घेऊन. सासूबाईंनी त्याला पाटावर बसवलं, ताटलीत तेल ओतलं आणि मला समोर बसवलं. मी मुलीला तेलावर धरलं. भावाची नजर तेलात, आम्हा सगळ्यांची तिच्या तोंडावर. आणि तिचं तोंड बंद.

सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. भावाने मान खाली ठेवूनच शेळीचा आवाज काढला, मग कोंबड्याचा, मग ट्रॅक्टरचा. एरवी ट्रॅक्टरला ती खिदळायची. आता तिने नुसतं टुकूटुकू बघितलं आणि ओठ आणखी आवळले. एवढे प्रकार झाल्यावर ती दमली, किरकिरली आणि वळून माझ्या छातीत तोंड खुपसू लागली. भावाने काय ते ओळखलं, ताटली उचलली आणि भिंतीकडे तोंड करून बसला. मी पदर ओढला. तिने जरा हुंगलं, जरा थांबली आणि तोंड उघडलं.

"अक्का, काय झालं गं?" भाऊ भिंतीलाच म्हणाला.

"पियायली," मी म्हणाले. माझा आवाज माझाच वाटेना, इतका बारीक निघाला.

"आधी तेलात बघू दे की त्याला," सासूबाई कुजबुजल्या. "वेळ निघून जायली."

"पिऊ द्या, मावशी. तेल काय पळून जायलंय व्हय?"

तो तसाच बसून राहिला, तेलाची ताटली मांडीवर सांभाळत. आणि तेव्हा मला ते दात जाणवले. दोन्ही. ते माझ्या कातडीला टेकलेले होते, पण त्यांचं ओझं नव्हतं. बहुतेक आधीही रोज तसेच टेकत असणार, चावण्याच्या धास्तीत मला ते कळलं नव्हतं. खुर्चीचा पाय, आजोबांचं बोट, माझी चप्पल, काही न सोडणारं हे पोर एवढी भूक असताना दात नुसते टेकवून पीत होतं. हे तिला कोणी शिकवलं, मला माहीत नाही.

पोट भरलं. ती थांबली. हीच ती वेळ. तिने डोळे वर केले आणि माझ्याकडे बघितलं, खूप वेळ बघितलं. माझ्या पायाची बोटं आवळली गेली. मी हूं की चूं केलं नाही. तिने तोंड मोठ्ठं उघडलं आणि अलगद सोडलं. मग मामाच्या पाठीकडे बघून ती खळखळून हसली.

ते हसू ऐकून भाऊ गर्रकन वळला. मी पदर सावरेपर्यंत त्याने समोरासमोर बघितलंसुद्धा. सासूबाईंचा हात तोंडावर गेला.

"डोळे मीट रे!" मी म्हणाले.

"आता काय मिटू? बघितले की." तेल त्याच्या पँटवर सांडत होतं, तिकडे त्याचं लक्षच नव्हतं. "अक्का, लई गोड हायत गं."

सासूबाई ताटली सरळ करायला धावल्या. मुलगी पुन्हा माझ्याकडे वळली. तिला दुसऱ्या बाजूचंही हवं होतं. तोंड उघडं, दोन्ही दात लख्ख समोर. भाऊ परत भिंतीकडे फिरला. मी तिला जवळ ओढलं आणि या वेळी अंग चोरलं नाही.