नलूचा वाटा

नलू रागावली की आवाज चढवत नसे, उलट हळू बोलायला लागे. सातपाटीच्या धर्माजी तांडेलाची ही थोरली मुलगी. अंगानं काटकुळी, आणि बिघडलेला रेडिओ एकदा हातात घेतला की तो वाजता केल्याशिवाय जेवायला न उठणारी. त्याच नादानं ती मुंबईला इंजिनिअरिंगला गेली. शनिवारी घरी यायची तेव्हा तिच्या पिशवीत पुस्तकांपेक्षा तारा जास्त असत.

शेवटच्या वर्षाला विद्यापीठानं एक नवाच विषय लावला. तिघातिघांनी गट करायचा, इलेक्ट्रॉनिक्सचं काहीतरी नवं यंत्र बनवायचं, ते घेणारं गिऱ्हाईक शोधायचं आणि त्यावर कंपनी कशी उभी राहील ते परीक्षकांपुढे मांडायचं. नलूच्या गटात जयसिंग आणि बन्सी होते. जयसिंगचे वडील खंडेराव साताऱ्याकडून फिटर म्हणून आले आणि बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत स्वतःची शेड घालून बसले. बन्सी पालघरचा, मुखदुर्बळ, पण सर्किट जुळवताना त्याचा हात चुकत नसे.

यंत्राची कल्पना नलूची. बोट समुद्रात असताना मासळीच्या खणातला बर्फ कधी वितळला ते वर कुणाला कळत नाही. झाकण उघडून बघावं तर गरम हवा आत जाते. खणात तापमान चढलं की बोट हाकणाऱ्या तांडेलाजवळ घंटी वाजेल, असं काहीतरी करायचं ठरलं. सर्किट बन्सीनं केलं, डबा खंडेरावांच्या शेडमध्ये वाकवला, तक्ते आणि बोलणं जयसिंगनं घेतलं. अडलं ते तापमान मोजायला बर्फात रुतवायच्या नळीशी. खारं पाणी आत शिरायचं आणि घंटी उगाचच ठणाणा करायची. बाजारातला गोंद थंडीत तडकला. शेवटी नलूनं होडीच्या फळ्यांच्या फटीत भरतात ती राळ घेतली. तिच्या आईनं, हिरानं, ती चुलीवर तेलात वितळवून दिली. सगळं घर आठवडाभर राळेच्या वासानं भरलं होतं. ती नळी धर्माजीच्या बोटीवर फेरीमागून फेरी टिकली.

परीक्षेला परीक्षक देवस्थळी सर बोईसरला खंडेरावांच्या शेडमध्येच आले. शेडमधली यंत्रं बंद केली होती. दाराशी उभे राहून कामगार आपापसात “मछली का अलारम है” म्हणून हसत होते. जयसिंग छान बोलला. मग सरांनी सहज विचारलं, “कंपनी खरंच काढताय म्हणे. मालक कोण?”

“मी आणि बन्सी, सर. जागा बाबांची.”

“आणि नलू?”

“नलूनं ट्रायलला खूप मदत केली. सातपाटीत तिची ओळख आहे ना.”

बन्सी खाली बघत राहिला. नलूला वाटलं, आता कुणीतरी हसेल आणि गंमत होती म्हणेल. कुणी हसलं नाही.

आपण कधी विचारलं का नाही, हे तिला त्या क्षणी कळलं आणि त्याचाच तिला जास्त राग आला. सातपाटीत बोट लागली, विकायची मासळी मच्छीमारांच्या सोसायटीत गेली की घरी न्यायच्या मासळीचे वाळूवर वाटे पडतात. एक बोटीचा, एक जाळ्याचा, मग ज्यानं ज्यानं दोर ओढला त्याचा. एक खलाशी वाट्यांकडे पाठ करून बसतो आणि तांडेल ज्या वाट्याला हात लावेल त्याला एकेक नाव घेतो. तोंडानं वाटा मागायचा नाही. मागणं म्हणजे तांडेलाला चोर म्हणणं. नलू हे बघत वाढली. काम केलंय तर वाटा पडेलच, असं धरून ती वर्षभर गप्प राहिली होती.

“पोरी, मनाला लावून घेऊ नको,” खंडेराव म्हणाले. “उद्या तुझं लगीन होणार. नाव कशाला अडकवून ठेवायचं?”

“काका, लग्न झालं की मी राळ लावायची विसरेन का?” नलू अगदी हळू म्हणाली.

तिनं टेबलावरचा पेचकस उचलला आणि यंत्र खोलायला घेतलं. पत्र्याचा डबा खंडेरावांपुढे ठेवला. “हा शेडचा वाटा.” सर्किट बन्सीपुढे. “हा तुझा.” रंगीत तक्ते गुंडाळून जयसिंगच्या हातात दिले. मग तार तोडून नळी आपल्या पिशवीत टाकली.

“अगं, पण आता हे चालणार कसं?” जयसिंग म्हणाला.

“ओळखीनं चालव.”

देवस्थळी सर घाईनं म्हणाले की मार्क तिघांना सारखेच मिळतील. त्यांना वाटलं, भांडण मिटलं. नलूला त्यांचाही राग आला, पण त्यांच्याशी बोलण्यात तिनं वेळ घालवला नाही.

घरी धर्माजी जाळं शिवत बसला होता. सगळं ऐकून त्यानं सुई खाली ठेवली.

“तोंडानं वाटा मागितलास? चार लोकांत?”

“त्यांनी टाकलाच नाय, बाबा.”

“नाय टाकला तर निघून यायचं. परत त्यांच्या बोटीवर पाय ठेवायचा नाय. मागायचं नाय. माज्या घरातल्या कुणी आजवर मागितला नाय.”

हिरा ओट्यावर सुके बोंबील निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत. “खरं हाय,” ती म्हणाली. “मी पण कदी मागितला नाय. सुकवते मी, विकते मी, डोक्यावर पाटी घेऊन पालघरच्या बाजारात बसते मी. त्या वाळूवर माजा वाटा कुटं असतो ते सांग.”

“घरात येतंय ते तुजंच हाय की.”

“तुज्या नावानं येतंय.”

धर्माजी उठून बाहेर गेला.

रविवारी बन्सी दारात उभा राहिला. पिशवीत सर्किट होतं. “मी जयसिंगला नाही म्हणून आलोय,” तो म्हणाला. “आपण करू या. पालघरला माझ्या मामाचा गाळा रिकामा आहे.”

नलूनं त्याला आत ये म्हटलं नाही. “शेडमध्ये तुझी जीभ कुठे होती?”

बन्सीनं सर्किटची पिशवी पुढे केली.

“आधी वाटे. मग काम.” तिनं अंगणातल्या सुपातून बोंबील उचलले आणि पायरीवर एकेक ठेवला. “हा गाळ्याचा. हा सर्किटचा. हा नळीचा.” मग तिनं चौथा ठेवला.

“हा कुणाचा?” बन्सीनं विचारलं.

धर्माजी त्यांच्याकडे पाठ करून पडवीत जाळं शिवत होता. दोन दिवसांत तो घरात कुणाशी बोलला नव्हता. नलूनं चौथ्या बोंबलावर बोट ठेवलं आणि बापाच्या पाठीकडे बघत विचारलं, “तांडेल, हा कुणाचा?”

सुई दोन-तीन टाके तशीच चालली.

“हिराचा,” तो म्हणाला, थुंकल्यासारखं, आणि मागे वळून बघितलं नाही.