सोळा वर्षांचे अडतीस म्हातारे

माझ्या नातीचा सिनेमा पडला, तो माझ्यामुळे. आमच्या घरानं आजवर याचा दोष वितरकाला, पावसाळ्याला आणि आजच्या पिढीला दिला आहे. प्रत्येक वेळी मी मान डोलावली. आता एकाहत्तराव्या वर्षी मान आपोआपच डोलते, तेव्हा खरं काय ते लिहून टाकतो.

प्रेरणानं, म्हणजे माझ्या नातीनं, सोयगावच्या एका मुलीवर सिनेमा काढला होता. सोळा वर्षांची पोर, बापाशी भांडते, घर सोडते, ठेचा खात शहाणी होते. हा सिनेमा नेमका बघणार कोण, हे वितरकाला आधी ठरवायचं होतं. प्रेरणाचा मुंबईहून फोन आला. "आबा, पंधरा ते वीस वयाची चाळीस मुलं जमवा. सिनेमा दाखवा, फॉर्म भरून घ्या, कुरिअर करा. बस्स!"

"हात्तिच्या! एवढंच?" (वाळूजच्या कारखान्यात तीस वर्षं मी कामगारांची हजेरी लिहिली. माणसं जमवणं आणि कागद भरणं, याशिवाय मला येतंच काय?)

रविवारी कॉलनीचा हॉल घेतला, पडदा लावला, चाळीस वडापाव मागवले. मुलं आली शून्य! सगळ्यांची क्लासची परीक्षा. वडापाव गार व्हायला लागले, तशी मी बागेत फिरणाऱ्या आमच्या मंडळींना हाक मारली. अडतीस जण आले. त्यातला सर्वांत तरुण बासष्ट वर्षांचा.

आता कोरा तक्ता वर पाठवायचा नाही, हा आमच्या हजेरी खात्याचा धर्म. निम्म्यांनी चष्मे आणले नव्हते. मग सगळेच फॉर्म घेऊन मीच मागे दिव्याखाली बसलो. सिनेमा सुरू झाला.

"वय काय टाकू?" मी शेजारच्या गायकवाडांना विचारलं.

"मागितलंय किती?"

"पंधरा ते वीस."

"मंग मला अठरा टाका. मतदानाचा हक्क सोडणार नाय मी!"

थोड्या वेळानं तेच ओरडले, "आरं, पोरगी घर सोडून चालली अन् संगं स्वेटर नाय घेतलं!"

"बाप का कुछ गलत नहीं है, भाई," शेखभाई डोळे पुसत म्हणाले. "बाप का रोल बढाने बोलो. लिखो, लिखो!"

मी लिहिलं. सोळा-अठरा वर्षांच्या अडतीस मुलांनी एकमुखानं सांगितलं, 'बाप बरोबर होता.' 'नायिकेच्या जागी तुम्ही असता तर?' यावर एकजण म्हणाला, "आधी बीपीची गोळी घेतली असती." मी भान राखून 'बीपीची' तेवढं खोडलं. गोळी राहिली!

आठ दिवसांनी प्रेरणाचा फोन. "आबा, वितरक चाट पडलेत. मुलं चक्क बापाच्या बाजूनं आहेत! मला आजची मुलं कळलीच नाहीत हो." तिचा आवाज पडला होता. बोलायची वेळ हीच होती. मी बोललोही. म्हणालो, "जमानाच बदलला, बाई."

मग मुलगी निम्मी कापली, बाप दुप्पट केला. त्याला एक गाणंही दिलं. पोस्टरवर नुसता बाप! आमच्या गावातल्या तरुणांना ती गुडघ्याच्या तेलाची जाहिरात वाटली. मी थेटराबाहेर उभा राहून लोकांना आत ढकलत होतो, तरी सातच्या वर आकडा गेला नाही. तिसऱ्या दिवशी सिनेमा उतरला. प्रेरणानं शेंद्र्याच्या एका कंपनीत नोकरी धरली. "ज्यांच्यासाठी काढायचा, तेच मला कळत नाहीत," एवढंच म्हणाली. दोन वर्षं तिनं कॅमेऱ्याला हात लावला नाही.

गेल्या आठवड्यात तिनं तो कॅमेराच विकायला काढला. तेव्हा मात्र मला राहवेना. सगळं सांगून टाकलं.

तिनं पुसायला घेतलेला कॅमेरा खाली ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे माझा मूळ सिनेमा एकाही मुलानं पाहिला नाही?"

"एकानंही नाही."

"आणि म्हाताऱ्यांना आवडला होता?"

"शेखभाई दोनदा रडले."

दोन वर्षांनी पोर हसली. तिनं कॅमेरा परत कपाटात ठेवला. "मग अजून काहीच ठरलेलं नाही, आबा!"

मला हलकं हलकं वाटायला लागलं, तेवढ्यात तिनं विचारलं, "बाकीच्यांचं राहू द्या. तुम्हाला कसा वाटला होता?"

खरं बोलायलाच बसलो होतो, म्हणून तेही सांगितलं. अडतीस फॉर्म, प्रत्येकी बारा प्रश्न! मी मान वर केली, तेव्हा पडद्यावर नावं सरकत होती, आणि चष्मा पुसेपर्यंत तीही संपली.