सहा झाडं आणि पाचवं शील

माझ्या बागेतलं सफरचंद आजवर कोणी दुसऱ्यांदा चावलेलं नाही.

बाग म्हणजे अमेरिकेतल्या रेडमंड गावी माझ्या घरामागची सहा झाडं. नर्सरीत त्यांना बहर आला होता. फिकट गुलाबी फुलं, वरून भुरभुर पाऊस. मी गावच्या शाळेतून निघून थेट ढगात पोचल्यासारखा उभा! नर्सरीवाला सांगत होता, "जुनी इंग्लिश जात. सायडरसाठीची." म्हणजे रसाची, आणि रसाचं फळ गोडच असणार (उसाला कोणी चव विचारतं का?). पुढचं मी ऐकलंच नाही. पाकळ्या बघत होतो.

आईनं लोकांच्या शेतात राबून मला शिकवलं. "तुझ्या झाडाचं फळ खायला येणार मी," असं ती फोनवर म्हणायची. अखेर झाडांनी फळ धरलं आणि आई आली.

तिच्या हट्टानं रविवारी मागच्या लाकडी डेकवर बुद्धवंदना ठेवली, इथली ओळखीची मंडळी बोलावली. धुक्यात मेणबत्त्या तरंगल्यासारख्या दिसत होत्या. सगळ्यांनी एका सुरात पंचशील घेतलं. पाचवं शील, दारूला न शिवण्याचं, मी सगळ्यांत मोठ्यानं म्हटलं! मग आईनं स्वतःच्या हातानं फोडी वाटल्या.

शांतता पसरली. ध्यानाची नव्हे. जिभा टाळूला चिकटल्या होत्या!

"कसं लागतंय, भाऊ?" आईनं वानखेडेकाकांना विचारलं.

"वे... वेगळं आहे, ताई." काकांची नजर पाण्याच्या तांब्यावर.

"आजी, माय टंग इज स्टक!" माझी मुलगी ओरडली.

"गप! बापानं पिकवलंय तुझ्या," म्हणत आई डोळे मिटून चावत राहिली. (कौतुकानं मिटले की तुरटपणानं, कळेना.)

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारचा रॉजर ओरडला, "अरे, खाताय काय? त्यांचा रस आंबवून दारू करतात!"

मुलीनं आजीला इमानदारीत सगळं मराठीत सांगितलं. मेणबत्त्या अजून जळत होत्या!

"भट्टी लावायला शिकवलं होय रे तुला?"

"आई, मी फक्त फुलं बघून घेतली गं!"

आईनं कपाळावर हात मारला, पदर खोचला आणि फळांची टोपली उचलली. फळं किसली, मीठ-आलं लावलं आणि ऊन पडेना म्हणून ओव्हनमध्ये वाळवली. थेट आवळासुपारी! वानखेडेकाकांनी मूठभर खिशात घातली. परत जाताना आईनं डबा भरून नेली.

गावाहून आईचा फोन आला. "सगळ्यांना आवडली रे! तुझं पोरगं तिकडं काय पिकवतं, विचारत होते."

"मग? काय सांगितलंस?"

"आवळे."

आता दर वसंतात झाडं गुलाबी होतात. मी चहा घेऊन खाली उभा राहतो, कपात पाकळ्या पडतात आणि मी पुन्हा हरखतो: गावातला पहिला पदवीधर, अमेरिकेत, स्वतःच्या आवळ्याच्या बागेत!