फोर्ट्रानवाले मामा

आमच्या सौभाग्यवतीच्या मामांनी जन्मात एकाही गोष्टीवर पहिल्या झटक्यात विश्वास ठेवलेला नाही, आणि हे वाक्य त्यांनी वाचलं तर त्याच्यावरही ते ठेवणार नाहीत. सूर्य पूर्वेला उगवतो हे त्यांना मान्य आहे, पण 'आजपर्यंत तरी' हे दोन शब्द पुढे जोडूनच. भोपाळच्या अयोध्या नगरातल्या त्यांच्या घरात समोरासमोरच्या भिंतींवर दोन घड्याळं आहेत, ती एकमेकांवर नजर ठेवायला. पंचांगं दोन, डॉक्टर दोन, भाजीचे ठेले दोन. दोन ठिकाणी विचारून उत्तर जुळलं की तुमच्या-माझ्यासारखा माणूस निश्चिंत होतो. मामांचा खरा संशय तिथून सुरू होतो. दोन्ही डॉक्टरांनी रक्तदाब सारखाच सांगितला तेव्हा "हे दोघं एकाच मास्तरकडे शिकलेले दिसतात" म्हणून ते तिसऱ्याकडे गेले, आणि तिथे मात्र तो खरोखरच वाढलेला निघाला.

माझी आणि त्यांची पहिली भेट मुलगी पाहायला गेलो तेव्हाची. बाकीची मंडळी पोहे-जिलेबीत रमली होती आणि मामा माझ्याकडे, परगावच्या स्टेशनवर हमालाकडे पाहावं तसे पाहत होते. मी जलसंपदा विभागात आहे असं मी सांगितलं. त्यांनी विभाग कुठल्या मजल्यावर आहे ते विचारलं. मी तिसऱ्या म्हणालो. त्यावर, तळमजला शून्य धरून की एक धरून, असा प्रश्न आला. मला कळेना. शून्यापासून मोजणारी माणसं आणि शून्यापासून मोजणाऱ्या भाषा या दोन्हींपासून सावध राहावं, पहिली गोष्ट ती पहिली, असं त्यांनी मला समजावलं. दुसऱ्या दिवशी ते माझ्या कार्यालयात येऊन जिने मोजून गेले हे मला लग्नानंतर कळलं. तेव्हापासून ते मला आदरानं 'जावईबापू' म्हणतात, पण त्या आदरातही मी अजून तपासणीखाली आहे असा एक सूर असतो.

या स्वभावाचं मूळ मामी त्यांच्या घराण्यात शोधतात, पण मामा स्वतः ते फोर्ट्रानमध्ये सांगतात. फोर्ट्रान ही संगणकाशी बोलायची फार जुनी भाषा. ती आणि मामा जवळजवळ एकाच वयाचे. मागून कितीतरी भाषा आल्या, मिरवल्या आणि गेल्या. ही म्हातारी अजून हवामानाची आणि टर्बाइनची गणितं घालते आहे, याचा मामांना माहेरच्या माणसासारखा अभिमान आहे. साताऱ्याहून ते इथल्या मोठ्या कारखान्याच्या गणित विभागात लागले तेव्हा प्रोग्राम जाड कागदी कार्डांना भोकं पाडून लिहीत. एका कार्डावर एक ओळ. ओळीत बहात्तर घरं आपली, त्यापुढे काही लिहिलं तर कंपायलर, म्हणजे आपलं लिहिणं यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा दुभाषा, ते वाचतच नसे. आणि वाचलं नाही असं सांगतही नसे. नव्या नोकरीत मामांच्या एका सूत्राचं शेपूट बहात्तराच्या पलीकडे गेलं, कंपायलरनं चकार शब्द न काढता राहिलेलं सूत्र गोड मानून घेतलं, आणि मामा तीन दिवस साहेबांची बोलणी खात राहिले. "तोंडावर हो म्हणाला, आणि शेवटचं ऐकलंच नाही," हे ते आजही एखाद्या भावकीतल्या माणसाबद्दल बोलावं तसं सांगतात. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. मामा तेव्हापासून पाणीही फुंकून पितात. दूधवाल्याला काही सांगितलं की शेवटचे चार शब्द त्याच्याकडून वदवून घेतल्याशिवाय त्याला फाटकाबाहेर सोडत नाहीत.

दुसरा धडा राशींचा. फोर्ट्रानमध्ये एखाद्या आकड्याला तुम्ही नुसतं नाव दिलंत आणि तो कसला आकडा हे सांगितलं नाहीत, तर ती भाषा नावाच्या आद्याक्षरावरून त्याची रास ठरवून मोकळी होते. ठरावीक सहा अक्षरांपैकी एखाद्यानं नाव सुरू झालं की तो पूर्णांक, मग त्याच्या पोटातला अपूर्णांक गेला वाऱ्यावर. यावर उपाय म्हणून प्रोग्रामच्या माथ्यावर एक ओळ लिहिता येते, जिचा अर्थ 'काहीही गृहीत धरू नये'. ही ओळ मामांना गुरुमंत्रासारखी लाभली. ती त्यांनी प्रत्येक प्रोग्रामवर लिहिली, मग डायरीच्या पहिल्या पानावर लिहिली, आणि फ्रिजवर चिकटवायला निघाले तेव्हा मामींनी हातातून कागद काढून घेतला.

तिसरा राग कंपायलरच्या शहाणपणावर. नवे कंपायलर म्हणे तुमच्या प्रोग्रामात फेरफार करून तो वेगानं पळवतात. त्यांना एखादं काम फुकटचं वाटलं की ते परस्पर गाळूनही टाकतात. मामा प्रत्येक प्रोग्राम आधी हा शहाणपणा बंद करून चालवत, मग चालू करून, मग दुसऱ्याच कंपायलरवर, आणि तिन्ही उत्तरं शेजारी मांडून चष्मा कपाळावर चढवत. मामींनी एकदा आमटीत आपल्या मतानं चिंचेऐवजी आमसूल घातलं, तर पुढचे आठ दिवस त्यांना शहाणपणा बंद ठेवायला सांगण्यात आलं. मामींनी नवव्या दिवशी पोळ्याही बंद ठेवल्या. त्यानंतर हा विषय त्या घरात निघाला नाही.

या सगळ्या संशयाच्या पोटी एक माणूस कायमचा तुटला होता. त्याचं नाव शेवडे. दोघं एकाच साली कारखान्यात लागले, एका स्कूटरवरून जात, एकमेकांचा डबा खात. मामांनी आयुष्यातला सगळ्यात मोठा प्रोग्राम लिहिला तो टर्बाइनच्या दांड्याचा: दांडा किती वेगानं फिरला की धोकादायक थरथरायला लागतो, हे सांगणारा. त्याचा छापील कागद त्यांनी शेवड्यांना वाचायला दिला आणि शेवड्यांनी समासात पेन्सिलीनं एक ओळ सुचवली. मामांना वास आला. एक ओळ आज घुसवायची आणि उद्या प्रोग्रामवर दोन नावं टाकायची, असा हा डाव आहे असं त्यांच्या मनानं घेतलं. त्यांनी ती ओळ लाल शाईनं खोडली, टेबल हलवून घेतलं आणि स्कूटरवर एकटे जाऊ लागले. पस्तीसेक वर्षं छत्तीसचा आकडा. मराठी मंडळाच्या गणपतीत मामा डावीकडच्या पहिल्या खुर्चीवर, शेवडे उजवीकडच्या शेवटच्या. आरतीचं तबक तेवढं दोघांकडेही जायचं.

मामा निवृत्त झाले, पण तो प्रोग्राम झाला नाही. दांडे अजून त्याच्याच आकड्यांवर घडत होते, आणि मामांनी बोलून दाखवलं नाही तरी आयुष्याचं काही शिल्लक राहिलं आहे ते एवढंच, असं ते मानत होते हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मग मागच्या वर्षी त्या विभागातली स्वाती नावाची इंजिनिअर मुलगी घरी आली. ग्वाल्हेरची मराठी, भोपाळात वाढलेली. विभागात नवं यंत्र आणि नवा कंपायलर आला होता, आणि त्याच्यावर मामांचा प्रोग्राम एकाच दांड्याचं उत्तर दर वेळी वेगळं देत होता. तिच्या साहेबांनी शुक्रवारची मुदत दिली होती: तोवर उत्तरं जुळली नाहीत तर जुना प्रोग्राम काढून टाकायचा आणि तयार सॉफ्टवेअर घ्यायचं.

मामांनी तिला आधी खुर्चीवर बसवलं आणि मग आरोपीच्या पिंजऱ्यात. कुणी सांगितलं, कुणी पाठवलं, कोडला हात कुणी लावला.

"अंकल, मी काही छेडलं नाही हो," ती म्हणाली. "कोड जसाचा तसा आहे, फक्त मशीन नवीन आहे. मला तर तो ठेवायचाच आहे, म्हणून तर आले ना."

मामांनी निकाल दिला: गुन्हेगार कंपायलर. नवा आहे, शहाणा आहे, अजून काय पुरावा हवा? तिच्याकडून सगळा कोड छापून घेतला, फूटपट्टी काढली आणि एकेका ओळीखाली धरून वाचायला बसले. मंगळवारी मला फोन करून त्यांनी कंपायलरबद्दल जे सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. बुधवारी फोन आला नाही. गुरुवारी मामींचाच आला की या एकदा, हे सकाळपासून बोलत नाहीत.

मी गेलो तेव्हा टेबलावर दोन कागद होते: स्वातीनं छापलेला नवा आणि लाल शाईच्या खाडाखोडीचा जुना, पिवळा. मामांनी मला जे सांगितलं ते माझ्यासारख्याला कळलं ते असं. मोठ्या प्रोग्रामात लहान लहान कामांचे भाग असतात, त्यांना सबरूटीन म्हणतात. समजा, हा एक कारागीर आहे. त्याला बोलावलं की येतो, काम करतो, जातो. जाताना तो आपला एक आकडा टेबलाच्या खणात ठेवतो आणि पुढच्या खेपेला तिथून उचलतो. जुने कंपायलर त्या खणाला हात लावत नसत. नवा कंपायलर कारागीर गेला की टेबलच उचलून दुसऱ्याला देतो, आणि परतलेल्या कारागिराच्या हाती खणात जो काही कचरा पडलेला असेल तो लागतो. हा खण राखून ठेवा, असं सांगणारी एक ओळ फोर्ट्रानमध्ये आहे. ती लिहिली नाही तर खणाचा भरवसा नाही, असं नियमाच्या पुस्तकात पहिल्यापासून छापलेलं होतं. मामांनी ती लिहिली नव्हती. जुना कंपायलर खण राखतो, हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

पिवळ्या कागदावर तिसऱ्या सबरूटीनच्या समासात, लाल रेघेखाली, पेन्सिलीतलं अक्षर अजून वाचता येत होतं. शेवड्यांनी नेमकी तीच ओळ सुचवली होती.

"जावईबापू, मी साऱ्या जगावर संशय घेतला," मामा म्हणाले. "नको त्याच्यावर विश्वास ठेवला, आणि ठेवायचा त्याच्यावर..." मला त्या वेळी त्यांची फार दया आली. चूक सापडल्याचं दुःख असं नव्हतंच ते. ती कुणी आधी दाखवली होती याचं होतं.

शुक्रवारी स्वातीनं ती ओळ घातली आणि उत्तरं जुन्या उत्तरांशी जुळली. पुन्हा चालवलं, पुन्हा जुळली. प्रोग्राम राहिला. मामांनी मात्र तिच्याकडून आणखी दोन ओळी लिहून घेतल्या, ज्या यंत्र वाचत नाही, फक्त माणसांसाठी असतात: ही ओळ श्री. शेवडे यांनी सुचवली होती. ती त्या वेळी न घालण्याची चूक माझी. खाली स्वतःचं पूर्ण नाव. ते पान छापून घेतलं आणि रविवारी सकाळी मला म्हणाले, गाडी काढा.

अयोध्या नगरातून शेवड्यांच्या नेहरू नगरला जायचं म्हणजे भोपाळचं एक टोक ते दुसरं. फोनमधली बाई जो रस्ता सांगेल तो सोडून दुसऱ्यानं जायचं, असा आदेश असल्यानं आम्ही तासाभरानं पोचलो. शेवड्यांनी स्वतःच दार उघडलं. सडपातळ अंगाचे, हसतमुख गृहस्थ. मामांनी पस्तीस वर्षांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते "आपण घरी आहात ना?" असं, आणि शेवडे "ये, आत ये. चहा घेशील ना?" म्हणाले, जणू हा माणूस परवाच येऊन गेला होता. मामांनी बसायच्या आधीच तो कागद पुढे केला. शेवड्यांनी तो जवळ धरून वाचला, लांब धरून वाचला आणि मान हलवली. मी असं काही सुचवलं होतं? छे, मला तर काहीच आठवत नाही, म्हणाले. तू टेबल का हलवलंस हेच मला कधी कळलं नाही, मला वाटलं खिडकीचा वारा लागत असेल तुला. मग चहा आला, गुडघ्यांवर बोलणं झालं, नातवंडांवर झालं. मध्येच मामा कपात बघत म्हणाले की दुसऱ्या सबरूटीनमध्ये अशी चूक राहावी म्हणजे कमालच. "तिसऱ्या," असं शेवडे सहज म्हणाले आणि चिवड्याची बशी माझ्याकडे सरकवली. निघताना दोघांनी एकमेकांचे हात धरले, ते सोडायची घाई कुणालाच नव्हती.

परतताना गाडी कोटऱ्याच्या चौकात आली.

"पकडला," मामा एकदम म्हणाले. "कागदावर सबरूटीनचा आकडा नव्हता, मी मुद्दाम छापू दिला नव्हता. मी दुसऱ्या म्हटलं, तो तिसऱ्या म्हणाला. त्याला सगळं आठवतंय, जावईबापू. लाल शाईसकट आठवतंय. मला माफी मागायला लागू नये म्हणून विसरल्याचं सोंग करतोय."

मी म्हटलं, मग तिथेच तोंडावर का नाही सांगितलंत? तुम्ही तर कुणाला सोडत नाही.

मामांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि बराच वेळ पुसत राहिले. "आजवर माणसं पकडली ती लबाडी करताना," ते म्हणाले. "चांगुलपणा करताना सापडलेला हा पहिलाच. त्याला काय म्हणायचं असतं ते मला माहीत नाही."

आता ते दर रविवारी नेहरू नगरला जातात. शेवडे अजून काही आठवत नसल्याचं सांगतात, आणि मामा मान डोलावून ते खरं मानतात.